खंडेनवमीला काढलेली वायर

आमच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल तर तो एका पोलादी टेपला होता. तीस मीटरची ती टेप चामड्याच्या डबीत असायची आणि ती डबी देवघराच्या खालच्या फळीवर, म्हणजे आईच्या अन्नपूर्णेच्या जवळजवळ मांडीला मांडी लावून. बाबा सरकारी खात्यात निरीक्षक होते. निरीक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी रुबाब येतो. बाबांचं निरीक्षण विहिरींचं होतं. रायपूरच्या आसपासच्या चौसष्ट विहिरी त्यांच्याकडे होत्या आणि वर्षातून चार वेळा प्रत्येक विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल गेलंय ते लिहायचं, एवढंच काम. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप पाण्यात टेकेपर्यंत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर ओला झाला ते पाहायचं. नागपूरकडचे नातेवाईक लग्नाकार्यात त्यांची टिंगल करायचे, की हा माणूस विहिरीत डोकावण्याचा पगार घेतो. बाबा हसायचे आणि पानातली जिलबी संपवायचे. मला मात्र राग यायचा, आणि तो मी अजूनही पुरता गिळलेला नाही.

बाबांच्या खिशात एक जाड पुठ्ठ्याची वही असायची. तिच्यात विहिरीचा नंबर, तारीख, वेळ, आकडा आणि शेवटच्या रकान्यात निरीक्षकाची सही. त्या रकान्याबाबत बाबा देवापेक्षा कडक होते. ज्यानं आकडा डोळ्यांनी पाहिला त्यानंच सही करायची, मग तो कितीही छोटा असो, आणि ज्यानं पाहिला नाही त्यानं करायची नाही, मग तो कितीही मोठा असो. एका उन्हाळ्यात त्यांच्या साहेबांनी सांगितलं, बीरगांवची ती कारखान्यांजवळची विहीर या उन्हात राहू द्या, मागच्या सालचा आकडा थोडा वाढवून टाका. बाबा भर दुपारी सायकल काढून बीरगांवला गेले. परत आले तेव्हा तोंड तांब्यासारखं झालं होतं. आईनं कैरीचं पन्हं पुढे केलं तर ते हातात घेऊन म्हणाले, "दीड मीटर खाली गेलं पाणी. घरी बसून मले हे कसं दिसलं असतं, सांग बरं?" आईला काय सांगायचं होतं ते तिनं पन्ह्याचा दुसरा पेला भरून सांगितलं.

रायपूरच्या बुढापारा भागातल्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी स्कूटरींना किक मारण्याचा आवाज सुरू व्हायचा, त्यात आईचं शिलाई मशीन मिसळायचं, आणि दहाच्या सुमारास झुणक्याला लसणाची फोडणी बसली की गल्लीतून जाणारे लोकही क्षणभर हळू चालायचे असं मला वाटायचं. आई अमरावतीकडची. कोथिंबिरीची सांबारवडी करावी तर तिनंच. शेजारच्या घरून तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा यायचा आणि आमच्या घरून सांबारवडी जायची. वाटी कधी रिकामी परतली नाही. आई मराठीत विचारायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. "काहून गं, मायबोली कडू लागते का तुले?" असं ती म्हणायची आणि मी "नहीं तो" म्हणायची. तेव्हा मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. वर्गात आम्ही तीनच मुली. गल्लीतले रेडिओ, टेपरेकॉर्डर, एक मिक्सर एवढं दुरुस्त केल्यावर मला स्वतःबद्दल जे वाटायला लागलं होतं त्याला आता मी गर्व म्हणेन. तेव्हा मी त्याला ज्ञान म्हणत होते.

आणि घरात ती पेटी होती. भोपाळच्या एका साहेबांनी जाता जाता बाबांना वापरायला दिलेला उचलता येणारा कंप्यूटर. उचलता येणारा म्हणजे बाबांना उचलता यायचा. शिवणाच्या मशीनचं डोकं असावं एवढं वजन, राखी रंग, झाकण उघडलं की आत पिवळट पडदा आणि त्यावर काळी अक्षरं. तो आला तेव्हाच जुना होता आणि मी पॉलिटेक्निकला गेले तोवर तर अगदी म्हातारा झाला होता. त्याची मोठी बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळे तो कायम वायरीवर असायचा, वापरात नसला तरी. "तारेवरून काढू नका," एवढं एकच त्या साहेबांनी बजावलेलं. रोज जेवण झालं की बाबा दोन बोटांनी विहिरींचे आकडे त्यात भरायचे, एक आकडा भरला की वहीत पाहायचे, पुन्हा पडद्यावर पाहायचे, आणि मग ओठ मिटून पुढचा. आधीच्या वह्यांतले आकडेही त्यांनी भरले होते, म्हणून चौदा वर्षांच्या चौसष्ट विहिरी त्या पेटीत उतरल्या होत्या. भरलेल्या वह्या नियमाप्रमाणे कार्यालयात जमा व्हायच्या.

मग रायपूर राजधानी झालं. शहराला तर लग्नघराचं रूप आलं होतं. जिथे तिथे रंग, नव्या पाट्या, लाल दिव्यांच्या गाड्या, आणि जागा मिळेल तिथे थाटलेली कार्यालयं. भोपाळ आणि रायपूर यांच्यात फायलींची वाटणी झाली, ट्रंका इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झाल्या, आणि त्या गडबडीत बाबांच्या वह्यांच्या ट्रंका कुठे उतरल्या ते कुणालाच सांगता येईना. राज्याला वर्ष व्हायच्या आत नव्या साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. राजधानीला पाणी कुठून द्यायचं याचा आराखडा व्हायचा होता, त्यासाठी जुन्या पातळ्या हव्या होत्या. बाबा घरी आले ते नेहमीपेक्षा ताठ चालत.

"दसऱ्याची सुट्टी संपली की द्यायचे म्हन्ते सगळे आकडे," त्यांनी आईला सांगितलं. "मी म्हटलं देतो. पेटीत आहेत. फ्लॉपीवर उतरवून देतो."

"आन् नाही दिले तर?"

"तर अंदाजे भरून घेऊ म्हन्ते. खाली नाव माहंच टाकतीन. निरीक्षक म्हणून."

हे सांगताना त्यांनी चपला काढायचं थांबवलं होतं. बाबांना दुखेल अशी एकच गोष्ट या जगात होती आणि ती हीच होती, हे मला कळलं. न पाहिलेल्या आकड्यांखाली त्यांचं नाव.

मी म्हटलं आजच उतरवू. पण बाबांनी मुहूर्त काढला होता. चौदा वर्षांचं काम राजधानीसाठी फ्लॉपीवर उतरवायचं ते दसऱ्याला, सोनं वाटतात त्या दिवशी. आम्हा लोकांचं हे असं असतं. काम वर्षभर बिनबोभाट करू आणि द्यायच्या वेळी मुहूर्त शोधू.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे खंडेनवमीला ज्यांच्या जिवावर घर चालतं त्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर लाल कापड, त्यावर पहिल्यांदा बाबांची टेप, मग खडूचा डबा, आईची कात्री, विळी, माझं सोल्डरिंग आयर्न, आणि त्या वर्षी मधोमध पेटी. शिलाई मशीन जागच्या जागी हार घालून. पूजा झाली की हत्यारांना विसावा. दसऱ्याला दुपारी उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आई त्या दिवशी भाजीसुद्धा हातानं मोडून करायची. पेटी पाटावर ठेवली तर तिची काळी वायर रांगोळीवरून जात होती.

"हे काय लोंबून राहिलं देवासमोर," आई म्हणाली, "काढ नं ते."

बाबा घुटमळले. "तारेवरून काढू नका म्हटलं होतं त्यानं."

आणि तेव्हा मी, तीन मुलींपैकी एक, मिक्सर दुरुस्त करणारी मी, अशा थाटात बोलले की आजही आठवलं की कान गरम होतात. "कुछ नहीं होता, बाबा. आकडे डिस्कवर असतात. डिस्कवरचं वीज गेली तरी पुसलं जात नाही." आणि वायर ओढून काढली. बाबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. पोरगी शिकलेली होती ना! पुरणपोळी आणि कढीवर आम्ही सगळे ताव मारून झोपलो.

दसऱ्याला दुपारी हत्यारं उचलली. बाबांनी टेप उचलून कपाळाला लावली, मी पेटीची वायर लावली, बटण दाबलं. पेटी कुरकुरली, पडदा पिवळा झाला, आणि त्यावर रोजच्या विहिरींच्या यादीऐवजी चार ओळी आल्या. तारीख कुठल्या कुठे मागे गेली होती. आणि डिस्कपुढे लिहिलं होतं, नाही.

मी जे बोलले होते ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट. डिस्कवरचं पुसलं गेलं नव्हतं. पण आपल्याला डिस्क आहे हेच पेटी विसरली होती. अशा जुन्या यंत्रात मोठ्या बॅटरीशिवाय आणखी एक चिमुकली बॅटरी असते, तारीख, वेळ आणि आपल्या आत काय काय आहे एवढं लक्षात ठेवण्यापुरती. ती वायरीवर चार्ज होत राहते. आमची ती म्हातारी बॅटरी वर्षानुवर्षं फक्त वायरीच्या आधारानं श्वास घेत होती आणि मी तिला दीड दिवस विसावा दिला होता. हे सगळं मला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. रडत सांगितलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते पाटाशेजारी बसले आणि म्हणाले, "मंग आता काय करा लागते?"

"खोलावं लागेल."

"मंग खोल."

मी कीबोर्ड काढला तर त्याच्या खाली, सर्किटच्या हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात, ती होती. तीन गोळ्या एकत्र बांधाव्यात तशी, करंगळीएवढी. तिच्या पोटातून हिरवट पांढरा क्षार बाहेर येऊन आजूबाजूच्या बारीक तांब्याच्या रेघांवर पसरला होता. नुसती मेली नव्हती, जाता जाता पाटी खात होती. आणखी वर्षभर तिला तशीच राहू दिली असती तर वायर काढो न काढो, पेटी संपलीच असती. हे मी पुढे आयुष्यभर स्वतःच्या बचावासाठी वापरलं आहे आणि पुढेही वापरणार.

बॅटरीवर तीन पूर्णांक सहा व्होल्ट लिहिलं होतं. तशी बॅटरी रायपुरात त्या दिवशी मिळणं शक्य नव्हतं. पण तेव्हा घरोघरी बिनवायरीचे फोन येऊ लागले होते, आणि त्या फोनच्या हातात धरायच्या भागात अशाच तीन गोळ्या असतात, तेवढ्याच व्होल्टच्या. मी सायकलवर सदर बाजारात गेले. दसऱ्याची गर्दी, झेंडूचा खच, सराफांच्या दुकानांपुढे स्कूटरी अशा उभ्या की सायकल खांद्यावर घ्यावी लागली. फोनच्या दुकानाच्या दारावर ताजं तोरण होतं.

"हव दीदी, मिल जाही," दुकानदार छत्तीसगढीत म्हणाला. "फोन कोन मॉडल के हे?"

"फोन नहीं है भैया. कंप्यूटर में लगाना है."

त्यानं काढलेली बॅटरी परत मुठीत घेतली. "फोन के बैटरी कंप्यूटर में? जल जाही त मोर नाम मत लेबे."

"जली तो मेरा ही नाम आएगा," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

घरी आल्यावर मी जुनी बॅटरी काढून टाकली. त्या क्षाराला आंबट हवं असतं. मी आईकडे लिंबू मागितलं. तिनं पूजेतली विळी उचलली, लिंबू चिरलं, आणि मी कापसाच्या बोळ्यानं एकेका रेघेवर रस लावत गेले. बारीक बुडबुडे येऊन क्षार फेसाळला. "पोटात गॅस झाल्यासारखं करून राह्यलं," आई म्हणाली, आणि त्या सगळ्या ताणात मी फिसकन हसले. मग स्पिरिटनं पुसून, पंख्याखाली वाळवून पाहिलं तर एक रेघ मधोमध तुटलेली निघाली. केसाएवढी. तिच्या दोन टोकांमध्ये तांब्याचा एक तंतू ठेवून सोल्डरिंगचा डाग द्यायचा होता, आणि शेजारची रेघ तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर. माझं आयर्न रेघेपर्यंत जाऊन दोनदा परत आलं. बाबा समोर येऊन बसले आणि त्यांनी पेटी दोन्ही हातांनी धरली. पेटीला धरायची गरज नव्हती, ती जागची हलत नव्हती. पण त्यांनी ती धरल्यावर आयर्न नेमक्या जागी टेकलं. राळेचा धूर वर गेला, डाग बसला, चकचकीत, वाटोळा. तसा डाग मी त्यानंतर हजारो दिले असतील. आता केस पिकलेत, चष्मा नाकावर घसरतो, पण कुणी माझा डाग पाहिला तर ओळखेल असं मला वाटतं, आणि असं वाटून घ्यायला मी कुणाची परवानगी घेत नाही.

नवी बॅटरी मूळ जागेत मावेना, म्हणून दोन वायरी जोडून ती पुठ्ठ्यात गुंडाळून मोठ्या बॅटरीच्या रिकाम्या कप्प्यात बसवली. वायर लावली. तारीख भरली, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तारीख राहिली! आई चहा टाकायला उठली. पण डिस्कच्या पुढे अजूनही तेच, नाही. आता पेटी विचारत होती की डिस्क कोणती, आणि त्यासाठी तीन आकडे हवे होते. वर्तुळं किती, वाचणारी टोकं किती, एका वर्तुळाचे भाग किती. हे आकडे डिस्कवरच्या चिठ्ठीवर असतात. मी डिस्क वळवून पाहिली. चिठ्ठीच्या जागी वाळलेल्या गोंदाचा चौकोन होता.

मी म्हटलं, "कॉलेजच्या पुस्तकात नेहमीचे पंधरावीस प्रकार दिलेत. एकेक टाकून बघते. अंदाजानं लागेल कुठलातरी."

"चुकला तर?"

"चुकीचा आकडा असताना त्यावर काही लिहिलं गेलं, तर आतलं बिघडू शकतं."

बाबांनी मान हलवली. "अंदाजे नाही भरायचं." अगदी तोच आवाज, बीरगांवहून आल्यावरचा. मग त्यांनी विचारलं, "कोनते आकडे म्हटलं तू? किती हाएत?"

"तीन."

त्यांनी खिशातून वही काढली. बाबांची एक सवय होती आणि मी तिची फार चेष्टा केली होती. नवी वही सुरू केली की पहिल्या पानावर ते कायमच्या गोष्टी उतरवून घ्यायचे. टेपची लांबी, टेप किती ताणली गेली आहे तो फरक, घड्याळ रोज किती मागे पडतं, आणि त्याखाली, पेटी घरी आली त्या दिवशी साहेबांनी ती सुरू करून दाखवताना पडद्यावर जे काही दिसलं ते सगळं. बाबांना त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. निरीक्षकानं जे दिसलं ते लिहावं, कळलं पाहिजे असं नाही, हे त्यांचं म्हणणं. जुनी वही जमा करायच्या आधी ते पान नव्या वहीत उतरायचं. तेव्हापासून, वहीमागून वही, ते तीन न कळलेले आकडे हातानं पुढे चालत आले होते. "क्यों लिखते हो बाबा ये सब?" असं मी त्यांना दरवेळी म्हणायची.

"नऊशे ऐंशी," बाबांनी वाचलं. "पाच. सतरा."

मी भरले. बटण दाबलं. पेटी कुरकुरली, थांबली, आतून डिस्क फिरायला लागल्याचा तो बारीक सूर आला, आणि पडदाभर विहिरी उतरल्या. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. बाबांनी बोटानं यादी खाली न्यायला सांगितली, बीरगांवची विहीर काढायला लावली, त्या उन्हाळ्याचा आकडा पाहिला. "हे पाह्य," ते आईला म्हणाले, "दीड मीटर." आई हातातला चहा तसाच धरून पाहत राहिली. बाहेर गल्लीत लोक सोनं वाटत फिरत होते आणि आमच्या दारात आलेल्यांना आत येऊन आधी बीरगांवची विहीर पाहावी लागली.

फ्लॉपीवर सगळं उतरलं तेव्हा दिवेलागण होत होती. दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी साहेबांच्या टेबलावर गेली आणि अंदाजे भरायचा विषय संपला. आराखड्याच्या मागे चौसष्ट विहिरींची यादी जोडली गेली, तिच्या खाली बाबांचं नाव होतं आणि तिच्यातला प्रत्येक आकडा बाबांनी पाहिलेला होता. त्या वर्षी एका लग्नात पुन्हा कुणी टिंगल केली, तेव्हा मी जिलबीच्या पंक्तीतच मराठीतून असं काही ऐकवलं की आईनं नंतर मला दोन जिलब्या जास्त वाढल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. पेटी बंद करायच्या आधी मी मीटरच्या दोन सुया नव्या बॅटरीला लावून पाहिल्या. बाबांनी विचारलं, "किती?"

"तीन पूर्णांक आठ."

त्यांनी वही उघडली. चालू पानावर, शेवटच्या विहिरीच्या खालच्या ओळीत, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं: पेटी, आत नवी बॅटरी. तारीख. घड्याळ पाहून वेळ, रोज मागे पडतं तेवढं त्यात मिळवून. तीन पूर्णांक आठ. मग वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"मी काहून?" मी म्हटलं. घाबरले की मला आईची मराठी यायची.

"आकडा कोनं पाह्यला?"

"मी."

"मंग?"

चौदा वर्षांत त्या रकान्यात दुसरी सही नव्हती. साहेबांचीसुद्धा नव्हती. मी पूर्ण नाव लिहिलं, हळूहळू, शाई पसरू नये म्हणून. बाबांनी ती ओळ वाळेपर्यंत वही उघडी धरली आणि मग टेपशेजारी, देवघराच्या फळीवर ठेवली. त्यानंतर डिप्लोमा मिळाला, नोकरी मिळाली, भिंतीवर लावण्यासारखे दोनचार कागद मिळाले. पण मला कुणी विचारलं की तू इंजिनियर केव्हा झालीस, तर मी त्या दसऱ्याची वेळ सांगते, बाबांच्या घड्याळाचा फरक धरून.